लायसन्सवर नाव तुझं, गोळ्या ठेवणार दुसराच

पत्र थोडक्यात असं. मुलगी २७ वर्षांची, पुरंदर तालुक्यातल्या शेतकरी घरातली, बीएस्सी अ‍ॅग्री झालेली. चार वर्षं सदाशिव पेठेत राहून एमपीएससीच्या कृषी सेवेचा अभ्यास करतेय, एकदा मुलाखतीपर्यंत जाऊन थोडक्यात राहिली. खर्चाला हातभार म्हणून आठ महिन्यांपासून एका पेस्ट कंट्रोल कंपनीच्या ऑफिसात अर्धवेळ काम करते, ती कंपनी आधीपासून फ्युमिगेशन करते. आता मालक म्हणतोय, १५ दिवसांचं फ्युमिगेशनचं, म्हणजे बंद जागेत विषारी वायू सोडून कीड मारायचं, ट्रेनिंग करून ये, फी आम्ही भरतो, मग लायसन्स तुझ्या डिग्रीवर घेऊ. दोन पर्याय दिलेत. पूर्णवेळ आलीस तर महिना २४,०००. नाहीतर नुसतं नाव राहू दे, अभ्यास चालू ठेव, महिना ६,००० घरबसल्या. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुला साहेब व्हायला पाठवलं होतं, झुरळं मारायला नाही." आणि तिच्या मनात अजून एक गोष्ट आहे. ती शाळेत असताना तिच्या चुलत्यांना टोमॅटोवर फवारणी करताना विषबाधा झाली होती, ते वाचले, पण तेव्हाच तिने ठरवलं की आपण कृषी खात्यात जायचं आणि हे थांबवायचं. ती विचारते, "ताई, मी आता त्याच विषाच्या धंद्यात जातेय का? अजून एक अटेम्प्ट देऊ की हे घेऊ? ६,००० चा पर्याय सगळ्यात सोपा वाटतोय, त्यात कुणाचं नुकसान तर नाही ना?"

अगं, तुझ्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करते, कारण बाकीचे प्रश्न दोन महिने थांबले तरी चालतील, हा नाही थांबणार. ६,००० चा पर्याय घेऊ नकोस. विचार करते, बघते, घरी विचारते असंही म्हणू नकोस, सरळ नाही सांग. तू लिहिलंस की त्यात कुणाचं नुकसान नाही, पण मला वाटतं तुझ्या सगळ्या पत्रात हेच एक वाक्य आहे जे तुला स्वतःलाही पटलेलं नाही, नाहीतर तू विचारलंच नसतंस.

हे लायसन्स डिग्रीवर का मिळतं ते बघ ना. कीटकनाशक नियम १९७१ मध्ये लिहिलंय की फ्युमिगेशन करणाऱ्याकडे कृषी पदवी किंवा केमिस्ट्री विषय घेतलेली विज्ञानाची पदवी हवी, आणि वर किमान १५ दिवसांच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट हवं, म्हैसूरची अन्न तंत्रज्ञान संस्था सीएफटीआरआय, हापूरची धान्य साठवणुकीची संस्था किंवा हैदराबादची वनस्पती संरक्षण संस्था, जिला आता आपण एनआयपीएचएम म्हणतो, यांच्यापैकी एकीचं. म्हणजे तुझी फी भरायला मालक तयार आहे ती काही उपकार म्हणून नाही, तुझ्यासारख्या पदवीधराच्या नावाशिवाय त्याचं लायसन्सच होत नाही. आणि कायद्याला तिथे शिकलेलं माणूस का हवं होतं? अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची ३ ग्रॅमची एक गोळी हवेतल्या ओलाव्याने १ ग्रॅम फॉस्फीन वायू सोडते, आणि तो वायू भिंत, दरवाजा, शेजारचं घर असं काही बघत नाही. कुणीतरी ढेकणांसाठी फ्लॅटमध्ये गोळ्या ठेवल्या आणि झोपेतच माणसं गेली अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. त्या गोळ्या राहत्या घरात वापरायच्याच नसतात, सर्रास कुणालाही विकायच्याही नसतात. तर लायसन्सचा सगळा अर्थ इतकाच आहे की जिथे हा वायू सोडला जातोय तिथे एक माणूस असा उभा असला पाहिजे ज्याला कळतं, आणि जो म्हणू शकतो की थांबा, आज नाही करायचं, या गोडाऊनला लागून वॉचमनची खोली आहे, आधी ती रिकामी करा. तो माणूस म्हणजे तू. आता तू शास्त्री रोडच्या अभ्यासिकेत बसून चालू घडामोडी वाचतेयस आणि तिकडे वाघोलीच्या गोडाऊनमध्ये दोन पोरं तुझ्या नावावर गोळ्या ठेवतायत, तर त्या ठिकाणी कोण आहे? कुणीच नाही. लायसन्स आहे आणि माणूस नाही.

तुझ्या बाजूनेही बघू. कीटकनाशक अधिनियम १९६८ मध्ये साफ म्हटलंय की कंपनीच्या हातून गुन्हा झाला तर कंपनीबरोबर त्या कामाची जबाबदारी ज्याच्याकडे होती तोही दोषी धरला जातो, आणि "मला माहीतच नव्हतं" किंवा "मी सगळी काळजी घेतली होती" हे सिद्ध करायचं ओझं त्याच्याच डोक्यावर असतं. तू कशी सिद्ध करणार? महिन्याला ६,००० घेत होतीस याची बँकेतली नोंदच असेल. आणि उद्या तू परीक्षा पास झालीस की चारित्र्य पडताळणी होते, तेव्हा पोलीस स्टेशनला तुझ्या नावावर एखादी केस निघाली तर चार वर्षांच्या अभ्यासाचं काय होईल ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

हे फक्त तुलाच सांगत नाहीये. २०१५ मध्ये नियम बदलले आणि कीटकनाशक विकणाऱ्या दुकानालाही शिक्षणाची अट आली, तेव्हापासून कृषी पदवीधरांच्या डिग्र्या कृषी सेवा केंद्रांच्या लायसन्सवर लागायला लागल्या, मामाच्या दुकानाला, मित्राच्या दुकानाला, गावातल्या कुणाच्याही दुकानाला. ज्या मुलामुलींनी अशी डिग्री दिलीय त्यांनी एकदा त्या दुकानात जाऊन साठा रजिस्टर बघावं, बिलबुक बघावं, मुदत संपलेला माल कुठे ठेवलाय ते बघावं, आणि बघायला वेळ नसेल तर आपलं नाव काढून घ्यावं. दुकानदाराला स्वतः शिकायची सोय आहे. हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा देसी डिप्लोमा २००३ पासून चालू आहे, आठवड्यातून एक दिवस वर्ग, वर्षभराचा, दुकान चालवता चालवता होतो. डिग्री भाड्याने घेण्यापेक्षा तो करायला सांगा त्यांना.

आता तुझ्या खऱ्या अडचणीकडे येते. तू असं धरून चाललीयस की एका बाजूला कृषी खातं आहे, ते विषाला आळा घालतं, आणि दुसऱ्या बाजूला धंदा आहे, तो विष पसरवतो, आणि तुला या दोन्हींतलं एक निवडायचंय. मी खात्यात बरीच वर्षं काढली, त्यातली काही गुणनियंत्रणाच्या कामात, म्हणून सांगते की हे चित्र असं नाहीये.

पहिलं म्हणजे "कीटकनाशक निरीक्षक" अशी परीक्षा देऊन मिळणारी खुर्ची नसते. तू कृषी सेवेतून उपसंचालक होशील, तालुका कृषी अधिकारी होशील किंवा मंडळाला कृषी अधिकारी होशील. शासन त्यातल्याच अधिकाऱ्यांना निरीक्षक म्हणून अधिसूचित करतं, पंचायत समितीचे कृषी अधिकारी आणि जिल्हा परिषदेची माणसंही त्यात असतात. आणि त्याच माणसाकडे खत नियंत्रण आदेश, बियाणे कायदा, वर अनुदानाच्या योजना, पीक विमा, गारपीट झाली की पंचनामे, सगळं असतं. जून महिन्यात बोगस बियाण्याच्या तक्रारी चालू असतात तेव्हा कीटकनाशकाचं सॅम्पल घ्यायला दुपारचे दोन तास मिळाले तरी खूप. हे मी तुला घाबरवायला नाही सांगत, ते काम मला फार आवडायचं, पण तू चार वर्षं ज्या रोजच्या दिवसाची कल्पना करून अभ्यास करतेयस तो दिवस कसा असतो हे कुणीतरी सांगायला हवं ना.

आणि ते काम केवढं बारीक असतं! दुकानात जायचं, लेबल बघायचं, बॅच नंबर, बनवल्याची आणि संपायची तारीख, साठा रजिस्टरशी जुळवायचं, माल कुठल्या कंपनीकडून आला ते सांगणारं उगम प्रमाणपत्र बघायचं, सॅम्पल घेतलं की त्याची किंमत द्यायची, पावती द्यायची, त्याचे तीन भाग करून सील करायचे, एक त्याला परत, एक प्रयोगशाळेला, एक कोर्टासाठी. प्रयोगशाळेने ३० दिवसांत अहवाल द्यायचा, आणि तो पटला नाही तर समोरच्याला २८ दिवसांत तसं लेखी कळवायचा हक्क, मग फरीदाबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेत फेरतपासणी. मी नवीन होते तेव्हा माझ्या एका सॅम्पलचा अहवाल अप्रमाणित आला, सक्रिय घटक लेबलवर लिहिल्यापेक्षा खूप कमी. मला वाटलं झालं, आता सुटत नाही हा. पण कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले, आणि केस उभी राहिली तोपर्यंत त्या बॅचची मुदत संपून गेली होती. वकील उठून म्हणाले, आता फेरतपासणी कशी करणार, माझ्या अशिलाचा हक्क गेला. केस पडली. त्यात माझाही वाटा होता, मी सॅम्पल घेतानाच बघायला हवं होतं की मुदतीला किती महिने उरलेत, आणि पुढे रोज फोन करून पाठपुरावा करायला हवा होता. त्या वर्षी त्या दुकानातून ते औषध नेऊन फवारलेल्या माणसांची तोंडं मला अजून आठवतात. त्यांची अळी मेली नाही म्हणून त्यांनी डबल डोस मारला, दुकानदाराने सांगितलं म्हणून त्यात अजून एक औषध मिसळलं.

बघ, मी पण "औषध" म्हणाले. आपण सगळे विषाला औषधच म्हणतो, आणि तुझ्या चुलत्यांची गोष्ट मला तिथूनच सुरू होते असं वाटतं.

त्यांना विषबाधा झाली तेव्हा कुठल्या अधिकाऱ्याने काय करायला हवं होतं? डबा कदाचित बरोबर असेल, दुकानाला लायसन्स असेल, बिल असेल, सगळं कायद्यात बसणारं. आपल्या कायद्यात स्वतःच्या घरासाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीसाठी कीटकनाशक वापरणाऱ्याला सूट आहे. आणि जो मजूर रोजाने पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या रानात फवारतो त्याच्याकडे कुठलं लायसन्स, कुठलं कार्ड कुणी मागत नाही. बनवणाऱ्याला परवाना, विकणाऱ्याला परवाना, गोडाऊनमध्ये वायू सोडणाऱ्याला परवाना, आणि सगळ्यात जास्त विष ज्याच्या अंगावर उडतं त्याला काहीच नाही, ना परवाना ना ट्रेनिंग. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने असं ठरवलं की जी कीटकनाशकं जास्त धोक्याची म्हणून वेगळी काढलीत ती फक्त प्रमाणपत्र मिळालेल्या फवारणी करणाऱ्याने किंवा त्याच्या देखरेखीखालीच वापरायची, आणि बहुतेक राज्यांत हे प्रमाणपत्र त्या राज्याचं कृषी खातंच देतं, म्हणजे फवारणी हा तिथे शिकून करायचा, खात्यात नोंद असलेला व्यवसाय आहे. आपल्याकडे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना २० हून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. तेव्हा मी नकली औषधाबद्दल बरंच ऐकलं, पण त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती, माणूस वर तोंड करून फवारत होता आणि सगळं त्याच्याच अंगावर पडत होतं, उकाडा होता, दोन-तीन औषधं एकत्र केलेली होती, तोंडाला फार तर रुमाल. यातलं बरंचसं दुकानात सॅम्पल घेऊन थांबत नाही, रानात उभं राहून थांबतं.

आणि हा कायदाही काही ऑफिसात बसून सुचलेला नाही. १९५८ मध्ये केरळात धान्याच्या मालाबरोबर जहाजातून पॅराथिऑन नावाचं कीटकनाशक आलं, ते सांडून पिठात गेलं आणि १०० हून जास्त माणसं ते खाऊन मेली. त्यानंतर चौकशी झाली आणि दहा वर्षांनी १९६८ चा कायदा आला. विष कुठून कुठे जातंय, कोण हाताळतंय, कशाशेजारी ठेवतंय, हाच त्या कायद्याचा गाभा. तू जर गोडाऊनमध्ये उभी राहून ताडपत्री नीट लागलीय का, कडेच्या वाळूच्या पिशव्यांत कुठे फट राहिलीय का, वायूचं मीटर काय दाखवतंय, दारावर पाटी लागलीय का हे बघत असशील, तर तू तोच कायदा चालवतेयस, फक्त पगार सरकार देत नाहीये. म्हणून "मी विषाच्या धंद्यात जातेय का" याला माझं उत्तर असं आहे की नाव भाड्याने दिलंस तर हो, स्वतः तिथे उभी राहिलीस तर नाही.

वडिलांच्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, त्यांना पेस्ट कंट्रोल म्हणजे पाठीवर टाकी घेऊन सोसायटीत येणारा मुलगा एवढंच दिसतं. त्या मुलाचं कामही हलकं नाही, पण तुझ्याकडे आलेलं काम वेगळं आहे हे त्यांना दाखवावं लागेल. त्यांना एकदा गुलटेकडीला मार्केट यार्डात घेऊन जा, धान्याच्या थप्प्या ताडपत्रीखाली फ्युमिगेशनला लावलेल्या असतात त्या लांबून दाखव, सांग की हे आठवडाभर असं बंद राहणार आणि उघडायचं कधी हे ठरवणारं माणूस शिकलेलं लागतं. चाकणवरून परदेशी जाणाऱ्या मशिनरीच्या लाकडी पेट्यांवर गव्हाच्या कणसासारखा एक शिक्का असतो, लाकूड आतपर्यंत ५६ अंशाला सलग ३० मिनिटं तापवलंय किंवा मिथाइल ब्रोमाइडने फ्युमिगेट केलंय याची ती खूण, ती नसेल तर माल बंदरात अडकतो. हिंजवडीला इमारतीचा पाया भरताना वाळवीसाठी औषध मारतात त्यालासुद्धा भारतीय मानक आहे, पायाच्या खड्ड्याला चौरस मीटरला ५ लिटर द्रावण, आणि कुणी बघणारं नसलं की तिथे नुसतं पाणी मारून जाणारेही आहेत. वडील शेतकरी आहेत, पाणी मारून पैसे घेणारा आणि नीट काम करणारा यातला फरक त्यांना तुझ्याआधी कळेल.

मग पूर्णवेळ २४,००० घ्यायचे का? घे, पण आधी मालकाला काही गोष्टी विचार, आणि तोंडी नाही, मेलवर उत्तर माग. माझ्या नावावरच्या प्रत्येक फ्युमिगेशनला मी जागेवर असणार का, आणि एका दिवशी दोन ठिकाणी काम आलं तर दुसरं पुढे ढकलणार का? मी "आज करायचं नाही" म्हटलं तर कुणी ते फिरवू शकतो का? गोळ्यांचा साठा कुणाच्या कुलपात, रजिस्टर कोण लिहितं? वायू मोजायचं मीटर किती आहेत, मास्कचे कॅनिस्टर कधी बदललेत? मुलांची वैद्यकीय तपासणी होते का? नियमांत लिहिलंय की कीटकनाशक हाताळणाऱ्याला कामावर घेण्याआधी आणि नंतर ठरावीक मुदतीने डॉक्टरकडून तपासायचं, आणि ऑर्गॅनोफॉस्फरस किंवा कार्बामेट गटातली औषधं वापरत असतील तर रक्तातलं कोलिनेस्टरेज, म्हणजे या विषांनी कमी होणारं एन्झाइम, दर महिन्याला बघायचं. या शेवटच्या प्रश्नावर मालकाचा चेहरा बघ. जो म्हणेल की आजपर्यंत पाळलं नाही पण तू आलीस की चालू करू, त्याच्याकडे काम करता येतं. जो हसेल त्याच्याकडे जाऊ नकोस, २४ काय ४० दिले तरी.

आणि एवढं करून लायसन्स झालंच तर नोकरी सोडताना तुझं नाव परवान्यावरून कमी केल्याचं पत्र परवाना देणाऱ्या कृषी कार्यालयाला स्वतःच्या हाताने देऊन पोच घ्यायची. लोक हे विसरतात आणि तीन वर्षांनी नोटीस येते.

परीक्षेबद्दल. खुल्या प्रवर्गाला वयाची अट ३८ आहे, त्यामुळे वय म्हणून तुझी अडचण काहीच नाही, अडचण अशी की कृषी सेवेची जाहिरात दरवर्षी येईलच असं नाही आणि तू तिच्या वाटेकडे डोळे लावून सगळं आयुष्य थांबवून ठेवलंयस. मुलाखतीपर्यंत गेलेल्या मुलीचा अभ्यास वाया जात नाही, तो आता टिकवायचा आहे, नव्याने करायचा नाहीये. रोज सकाळी दोन तास पुरतात. एक अटेम्प्ट नक्की दे, पण नोकरी करता करता दे, आणि त्या अटेम्प्टनंतर काय हे आजच वहीत लिहून ठेव, निकालाच्या दिवशी ठरवू नकोस, त्या दिवशी माणूस नीट विचार करू शकत नाही. आणि फक्त कृषी सेवेलाच का चिकटून बसलीयस? अन्न व औषध प्रशासनात अन्न सुरक्षा अधिकारी होतात त्यांना कृषी पदवी चालते, भाजीवर, मसाल्यावर उरलेलं औषध हा त्यांचाही विषय आहे.

अजून दोन वाटा तुझ्या पत्रात नव्हत्या म्हणून सांगते, थोडक्यात. एक रेसिड्यूची, म्हणजे फळा-भाजीत उरलेला अंश तपासायची. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तुझ्या रूमपासून बसने जाण्याइतकं आहे, द्राक्ष निर्यातीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा तिथेच आहे. २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे अडकली होती, शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं, आणि ते कीटकनाशकसुद्धा नव्हतं, वाढ रोखणारं संजीवक होतं, तपासणीच्या यादीकडे कुणाचं लक्षच नव्हतं. तुला केमिस्ट्री आवडत असेल तर त्या कामात एमएस्सी करून जाता येतं. दुसरी वाट कंपन्यांच्या रजिस्ट्रेशन विभागाची, फरीदाबादला नोंदणी समितीकडे कीटकनाशकांच्या नोंदणीचे, कायद्यातल्या ९(३), ९(४) कलमांखालचे, अर्ज तयार करतात ती माणसं. बसून करायचं काम आहे, पगार बरा, पण तुझा स्वभाव पत्रावरून जो कळला त्यात तू तिथे रमशील असं मला वाटत नाही.

ड्रोनचं मात्र मनात ठेव. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ड्रोनने कीटकनाशक फवारायची कार्यपद्धती काढली, त्यासाठी पायलटला विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएचं सर्टिफिकेट लागतं आणि कीटकनाशक हाताळायचं ट्रेनिंगही. म्हणजे ड्रोनने शेतात फवारणी करणाऱ्या माणसाला तरी असं शिकून, कागद घेऊन यावं लागतंय. गावोगावच्या बचत गटांच्या बायका हे शिकतायत, त्यांना उडवायला शिकवणारे भेटतात, पण लेबलवरचा लाल त्रिकोण आणि हिरवा त्रिकोण यात काय फरक, वारा कुठून असताना उडवायचं नाही, शेजारच्या रानात मधमाशांच्या पेट्या असतील तर काय, हे शिकवणारं माणूस कमी आहे. तुझ्या चुलत्यांच्या बाबतीत जे व्हायला हवं होतं ते करणारी माणसं मला तरी इथे दिसतायत. ट्रेनिंग घेतलेली, स्वतः हाताने काम केलेली, मीटर वाचलेली मुलगी उद्या मंडळ कृषी अधिकारी झाली तर ती शेतकऱ्यांना फवारणीबद्दल जे सांगेल ते पुस्तक वाचून पास झालेल्यापेक्षा वेगळं असेल, आणि नाही झाली तरी तिला सांगण्यासारखं काहीतरी असेलच. म्हणून ते १५ दिवसांचं ट्रेनिंग तू कर असं मला मनापासून वाटतं, मालकाने फी नाही भरली तरी, थोडे पैसे साठवून स्वतःच्या खर्चाने. मग सर्टिफिकेट तुझं राहील, त्याच्या उपकाराखाली राहणार नाही, आणि दुसऱ्या कंपनीतही चालेल.

एक काम या आठवड्यात करच. ती कंपनी आधीपासून फ्युमिगेशन करते असं तू लिहिलंयस, म्हणजे आज त्यांच्या परवान्यावर कुणाचं तरी नाव असणारच. तू ऑफिसातच बसतेस, फाईल तुझ्या हाताखालून जाते. ते नाव बघ, तो माणूस आत्ता तिथे का नाहीये ते बघ, आणि नंबर मिळाला तर त्याला फोन कर. मालकाला भेटायच्या आधी कर, नंतर नाही. आणि तो काय म्हणाला ते मला लिही.